कोऱ्या भिंतीवरचा वसुदेव

माझ्या सासूबाई कुणाची दृष्ट काढायला लागल्या की मी मुकाट्याने किचनमधून बाहेर पडायची. वाद घालायचा नाही, पण त्यात भागही घ्यायचा नाही, हा माझा नियम. सगळी नोकरी कार्डिफला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. स्लाइडवर जे दिसतं तेवढंच खरं, अशी सवय लागलेली. मंडळाच्या अंकातल्या या पानावर येणारे इतरांचे अनुभव मी वाचते, आणि खरं सांगायचं तर... कधीकधी हसूही येतं. आज माझाच एक लिहिते आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. माझे मिस्टर, वसंत, त्याच हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते. माणूस सायकलवेडा. लाँग वीकएंड आला की सायकलला बॅगा लावून निघाले! त्यांचं एक मोठं स्वप्न होतं — जर्मनीतल्या खेड्यांमधून सायकलने फिरायचं. नदीकाठची गावं, लाकडी चौकटींची जुनी घरं, वाटेतले किल्ले. नकाशे आणून ठेवले होते, कुठल्या गावी मुक्काम हेसुद्धा पेन्सिलीने लिहिलेलं. पण आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. रेटिनाचा आनुवंशिक आजार. पंचेचाळिशीत ह्यांची दृष्टी पूर्ण गेली. नोकरी गेली, नकाशे कपाटात गेले.

डोळे गेले ते एक वेळ मी सोसलं असतं. पण हे बोलायचेच थांबले. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. ‘चहा?’ — ‘हं.’ ‘जेवायचं?’ — ‘हं.’ मला भीती वाटायला लागली होती. कसली, ते तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. कामावरून येताना कोपऱ्यावर वळलं की आधी खिडकीकडे बघायची — खुर्चीत आहेत ना, एवढंच.

मग मी एका रिटायर्ड मास्तरांकडून जुनी टँडेम घेतली. टँडेम म्हणजे दोघांची सायकल — पुढचा हँडल सांभाळतो, मागचा नुसतं पेडल मारतो. माझा अनुभव म्हणाल तर सांगलीला शाळेत सायकलवर जायचे तेवढाच!

“अहो, जर्मनी नाही तर नाही,” मी म्हटलं. “इथून जवळच हेरफर्डशरला जाऊ. तिथेही तसलीच काळी-पांढरी लाकडी घरं आहेत.”

“मला जर्मनी काय नि हेरफर्ड काय,” हे म्हणाले. “अंधार सगळीकडे सारखाच.”

पण आले. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. ट्रेनमध्ये गार्डच्या डब्यात टँडेम चढवली, ॲबरगॅव्हनीला उतरलो आणि हेरफर्डशरमधल्या गोल्डन व्हॅलीच्या दिशेने निघालो. तीन दिवसांचा बेत. मी पेडल मारता मारता दिसेल ते सांगत होते — डावीकडे सफरचंदाची बाग, वाकलेलं छप्पर, मेंढ्या, एक बाई कपडे वाळत घालतेय... बारा-तेरा मैल हे गप्प. मग मागून आवाज आला, “पुरे, नलू. रेडिओ बंद कर.”

मी बंद केला.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरगुती बी-अँड-बीमध्ये हे सूप ढवळत म्हणाले, “परत गेलो की ही सायकल विकून टाक. तू उगाच मला ओढत फिरतेस.” मी ब्रेडचा तुकडा त्यांच्या हातात दिला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन पडलं होतं. एक लांब चढ संपला आणि वळणावर एक लहानसं दगडी चर्च दिसलं. बुटकं, जाड भिंतींचं, आठशे वर्षांपूर्वीचं. गावाचं नाव देत नाही. गाव लहान आहे, गावकऱ्यांनी तशी विनंती केली आहे. सावलीत दहा मिनिटं बसू म्हणून आत गेलो. आत एकच बाई होत्या, रविवारसाठी फुलदाण्यांमध्ये डेलिया रचत होत्या. मिसेस प्राइस. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची. बाकी दगडी फरशी, दहा-बारा बाकं आणि चुन्याने रंगवलेल्या कोऱ्या पांढऱ्या भिंती. एक चित्र नाही, तसबीर नाही, काही नाही.

हे दारातून दोन पावलं आत आले आणि थांबले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो गळून पडला. टोपी काढली. समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

“नलू, हा कोणी काढलाय?”

“काय?”

“हा वसुदेव.”

मला वाटलं, ऊन लागलं. मी दंड धरला. “अहो, बसा बघू खाली.”

“थांब गं!” किती महिन्यांनी तो आवाज ऐकला मी... पूर्वीचा, खणखणीत. “केवढा मोठा आहे! पार छतापर्यंत. पाण्यातून निघालाय. पण टोपली नाहीये डोक्यावर, बाळ खांद्यावर बसलंय. हातात सोटा आहे, झाडाच्या खोडाएवढा. अंगात शेंदरी झगा — मारुतीचा शेंदूर असतो ना, अगदी तसा. पाण्यात मासे आहेत. आणि एक बाई... कमरेखाली मासाच आहे ती. हातात आरसा. काठावर म्हातारा उभा आहे, कंदील घेऊन.”

मी भिंतीकडे बघत होते. पांढरी भिंत. खालच्या बाजूला ओल येऊन जरा पोपडे आलेले. बस्स.

मिसेस प्राइस हातात डेलिया घेऊन तशाच उभ्या. “काय म्हणतायत ते?” त्यांनी विचारलं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, “माझं लग्न याच चर्चमध्ये झालं, लव्ह. तिथे काही नाहीये. नुसता चुना आहे.”

हे पुढे गेले. बाकांना न अडखळता, काठी न टेकता, सरळ. भिंतीवर तळवा ठेवला आणि क्षणभर तसेच राहिले. मग म्हणाले, “गेलं.”

मला वाटलं आता कोसळतील. पण हे चक्क हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निघताना मिसेस प्राइसनी आमचा पत्ता लिहून घेतला. बाहेर येऊन सायकलवर बसलो. उतार लागला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “पुढे काय आहे? सांग की.”

त्या रात्री मी डायरीत सगळं लिहून काढलं. मराठीत, ह्यांच्याच शब्दांत. लॅबमधली सवय — काही विचित्र दिसलं की आधी नोंद, अर्थ नंतर.

घरी आल्यावर आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे माहीत असलेलं आहे. दृष्टी गेली की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं तयार करतो, माणसं दिसतात, कपड्यांसकट. मला हायसं वाटलं. लहानपणी ऐकलेली वसुदेवाची गोष्ट, त्यात उन्हाचा ताण... जुळलं की! मी डायरी बंद केली. टँडेम मात्र विकली नाही. दर उन्हाळ्यात निघायचो, आणि मी बोलायची थांबले की हे पाठीत बोट टोचायचे.

चार-पाच वर्षं गेली. नव्वदचं दशक लागलं होतं. एके दिवशी मिसेस प्राइसचं पत्र आलं. हिवाळ्यात चर्चचं छप्पर गळलं, ओलीने चुन्याचा एक पापुद्रा सुटून पडला, आणि त्याखाली रंग दिसला. आता तज्ज्ञ लोक थरांवर थर सोलून काढतायत. शेवटी एकच ओळ — ‘तुम्ही दोघं या, आणि त्या दिवशी काही लिहून ठेवलं असेल तर ते घेऊन या.’

गेलो. 

भिंतीला परांची बांधली होती, दिवे लावले होते. आणि समोर — छतापर्यंत पोचलेला माणूस. पाण्यातून चाललेला. हातात झाडासारखा सोटा, खांद्यावर बाळ. पायाशी मासे. मत्स्यकन्या, हातात आरसा. काठावर कंदील धरलेला म्हातारा. ख्रिश्चनांचा एक संत, बाळ येशूला नदीपार नेणारा. धर्मसुधारणेत चर्चमधली चित्रं चुन्याने झाकली, तेव्हापासून चारशेहून जास्त वर्षं चुन्याखाली होता. कुणाच्या आज्यापणज्यांनीही पाहिला नव्हता.

काम करणारी मुलगी परांचीवरून खाली आली. मी डायरी उघडून एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेले, ती भिंतीकडे बघत मान हलवत होती. झग्यापाशी मी अडखळले. भिंतीवरचा झगा काळा होता. कुळकुळीत काळा.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एक तरी चुकलं! म्हणजे बाकीचा योगायोग.

“ह्यांनी शेंदरी म्हटलं होतं,” मी म्हणाले. “ऑरेंज-रेड.”

त्या मुलीने दिवा झग्याजवळ नेला. मग म्हणाली, “तो शिशाचा लाल रंग आहे. रेड लेड. भिंतीवर काळाने काळा पडतो. पण नवा असताना... हो. तसाच होता.”

रेड लेड म्हणजे आपला शेंदूरच की! मी डायरी मिटली. मिसेस प्राइस बाकावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना सांगितलं तेव्हा कुणी म्हणालं, मागच्या जन्मी हेच चित्रकार असणार. हे हसले. “मग या जन्मी साधा हत्ती तरी काढता आला असता!” डॉक्टरांचं म्हणणं मला अजूनही पटतं — दिसलं का, ते त्यातून कळतं. पण जे दिसलं तेच भिंतीत होतं, आणि तेही ताज्या रंगात... ते कसं?  खूप शोधलं, सापडलं नाही.

चित्र पाहायला गेलो त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मी ह्यांना विचारलं होतं, “आत्ता दिसतंय का हो काही?”

“नाही गं. तू सांग.”

भिंतीला हात लावायची परवानगी नव्हती. मी ह्यांचं बोट धरून भिंतीपासून वीतभर अंतरावर हवेत फिरवलं. इथे खांदा, इथे बाळाचा पाय, इथून पाणी. पाण्यापाशी त्यांनी माझा हात थांबवला.

“तेव्हा तुला एक सांगितलं नव्हतं,” हे म्हणाले. “घाबरली असतीस. तो असा उभा नव्हता, नलू. पाणी वाहत होतं. तो चालत होता.”