नाटक सुरू होतंय की

३ नोव्हेंबर. हॉस्पिटलच्या जुन्या अपॉइंटमेंट वह्या रद्दीसाठी बांधायला घेतल्या आहेत. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीपाशी हात थांबला. तिच्यातलं एक पान फाडलेलं आहे. ते का, हे मी आजवर कोणालाच – नवऱ्यालासुद्धा – सांगितलेलं नाही.

हडपसरमधलं आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल लहान, दहा खाटांचं. मोतीबिंदूची ऑपरेशनं रोजची. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचे डॉक्टर एक गुरुवार सोडून शहरातून यायचे. त्यांची यादी माझ्या हातात. कोणाला कधी बोलवायचं ते मी ठरवायची – आणि मला त्याचा तोरा होता, हेही लिहून टाकते.

फोनशेजारी त्या डॉक्टरांनीच चिकटवलेला कागद होता: डोळ्यासमोर अचानक पडदा आला असेल, तर आतला पडदा सुटत असू शकतो; गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. पाठ होता मला. पण आमच्याकडे आसपासच्या गावांतली माणसं मोतीबिंदूलाही पडदाच म्हणतात. रोज पाच जणांना पडदा आलेला असायचा. फरक कळायला एकच प्रश्न पुरतो – कधीपासून?

तो मी विचारला नाही.

फुरसुंगीच्या शांताबाई साड्यांना फॉल लावायचं काम करत. त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या नाव-नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. "ताई, डाव्या डोळ्यावर पडदा आलाय. खालून वर चढतोय. उजव्यानं तर आधीच दिसत न्हाय."

"पडदा वर चढतोय? मग नाटक सुरू होतंय की, मावशी!"

रांग हसली. फोनवर त्याही हसल्या. मी बारा दिवसांनंतरचा गुरुवार दिला आणि वहीत त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या नावापुढे 'मोतीबिंदू, फोनवरून' लिहिलं.

खालून वर चढणारा मोतीबिंदू असतो का? इतकी वर्षं त्या खुर्चीत काढलेल्या बाईला हे कळलं नसेल? – कळलं. फोन ठेवला तेव्हाच कळलं. नंबर समोर होता. पण ज्या रांगेला हसवलं, तिच्यासमोरच चूक कबूल करायची? मी पुढच्या माणसाला हाक मारली.

गुरुवारी शांताबाई शेजारणीचा हात धरून आल्या. डाव्या डोळ्याचा आतला पडदा पूर्ण सुटला होता. डॉक्टर चिडले. "अहो मावशी, इतके दिवस घरी काय करत होतात?" मग माझ्याकडे वळून, "यांनी आधी फोन केला होता?"

"नाही. आजच आल्या."

शांताबाईंनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. आता बोलतील – मी वाट बघत होते.

"माझंच चुकलं, सायेब," त्या म्हणाल्या.

घाबरून? की माझी नोकरी जाईल म्हणून? मी कधीच विचारलं नाही. ऑपरेशन झालं. उजेड आणि सावली कळण्यापुरतीच नजर राहिली. सुईत दोरा ओवणं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावणेआठलाच पोचले. आदल्या दिवशीच्या यादीचं पान फाडलं आणि सगळी नावं पुढच्या पानावर नीट अक्षरात उतरवली. शांताबाईंचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं, त्यापुढे – 'आयत्या वेळी आल्या'. मग खिडकी उघडली.