ईश्वरप्पांच्या घरची कुशादासी

कुशादासी हे नाव रत्नम्मानं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिला वाटलं, स्वयंपाकाला नवी बाई ठेवायलेत. ती स्वयंपाकघरात शेंगांची चटणी कुटत होती. बाहेर मंजुषा नवऱ्याला, वीरेशला सांगत होती, "कुशादासीच बरी वाटते मला."

रत्नम्मा दारात आली. "माझ्यात काय कमी पडलं, वैनी?"

सगळे खदखदून हसले. मग वीरेशनं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. निळा समुद्र, काठाला पांढऱ्या खुर्च्या, खुर्च्यांवर उघडी पडलेली माणसं. तुर्कस्तानातलं गाव होतं ते. दिवाळी झाली की पाच दिवस तिकडं जायचं ठरत होतं.

रत्नम्मा मूळची देवणीची. लग्न होऊन उदगीरला गेली, नवरा वारल्यावर लातूरला आली. लग्नाचा स्वयंपाक करणारी म्हणून तिचं नाव पार निलंग्यापर्यंत होतं. हजार पानांच्या पंगतीत तिची एक पुरणपोळी फुटली नव्हती, असं लोक सांगायचे आणि तीही सांगायची. वीरेशच्या वडिलांची, ईश्वरप्पांची डाळमिल होती, त्यांच्या घरचा सकाळचा स्वयंपाक तिच्याकडं. चौदा वर्षं झाली होती. पण या घरातल्या माणसांना ती मनातून मोजत नसे. भाजीत मीठ जास्त झालं, तरी दुसऱ्या कुणी म्हटल्याशिवाय यांच्यातल्या एकाला कळायचं नाही. असल्या जिभांना काय मोजायचं?

बेत रोज जेवताना चाले. समुद्राकडं तोंड असलेलीच खोली पाहिजे, यावर दीड महिना खल झाला.

"पोहायला येतं का कुणाला?" रत्नम्मानं वाढता वाढता विचारलं.

"समुद्र बघायचा असतो, रत्नम्मा," मंजुषा म्हणाली.

वीरेशनं मात्र पोहण्याचा वर्ग लावला. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून आला आणि तिसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. मंजुषानं परातीएवढी टोपी आणली आणि सवय व्हावी म्हणून ती घालून घरात फिरू लागली. दोनदा ती फ्रीजच्या दाराला अडकली. रत्नम्मा भाकरी थापत तो तमाशा बघे आणि पुन्हा पिठात नजर घाली.

अडलं ते ईश्वरप्पांपाशी. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. त्यांनी सांगून टाकलं, "तिथं एकाच तव्यावर सगळं भाजतेत म्हणं. मी येत न्हाई." आणि ते येत नाहीत म्हणजे जाणंच नाही, कारण सगळं त्यांच्याच जिवावर चाललेलं.

"मग रत्नम्माला नेऊ की सोबत," वीरेश म्हणाला.

तिला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मंजुषाच्या मते तर त्या पाच दिवसांच्या पगाराचा प्रश्नच येत नव्हता. "अहो, फिरायलाच तर चाललाव तुम्ही! विमानात बसायला मिळतंय!"

राबवून घ्यायचं आणि वर उपकार केल्याचं तोंड करायचं, ही या घराची जुनी रीत. रत्नम्मा ती ओळखून होती. तरीही तिनं पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या हवालदारानं "कुठं निघालाव, मावशी?" असं विचारलं, तेव्हा "कुशादासीला," असं ती औशाला जाऊन येते म्हणावं इतक्या सहज बोलली. पुढच्या आठवड्यात गंजगोलाईत जाऊन तिनं चक्क बूट घेतले. घरी दार लावून ते पायात घातले, चार पावलं चालली आणि मग खाली बसून स्वतःलाच म्हणाली, "तूबी त्यांच्यातलीच निघालीस, बये."

निघायला पंधरा दिवस उरले असताना वीरेशनं जेवताना मोबाईलवरून वाचून दाखवलं. हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती.

ताटांवरचे हात थांबले. मग मंजुषाला सुचलं. "न्हाणीत करता येईल की. विजेची शेगडी कपड्यांत गुंडाळून न्यायची. दार लावून घेतलं की वास येत न्हाई. आन् रत्नम्माला मागची बिनखिडकीची खोली घेऊ, स्वस्त पडते. तिला काय करायचाय समुद्र?"

रत्नम्मा तिच्या खांद्याशी आमटीचं भांडं घेऊन उभी होती.

"न्हाणीत म्हंजे संडास आसतो त्याच खोलीत?" तिनं विचारलं.

"तिकडं एकत्रच असतं. पण लई स्वच्छ असतं बरं का."

रत्नम्मानं ईश्वरप्पांकडं पाहिलं. या घरात कणा असलेला एकच माणूस आहे, असं ती आजवर धरून चालली होती. ईश्वरप्पांनी भाताचा घास कालवला. "मधी एखादा पडदा लावू," ते ताटाकडं बघत म्हणाले.

"साकु, पुरे," रत्नम्मा म्हणाली. फार झालं की तिच्या तोंडी कानडी यायची. तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. "अप्पा, चौदा वर्षं तुमच्या चुलीला मी आंघोळीबिगर हात लावला न्हाई. थंडीत, तापात, कधीच न्हाई. तुम्हालाच त्याचं काही न्हाई, तर मी कशाला मरू?"

"अहो, तिकीट काढलंय तुमचं!" वीरेश ओरडला.

"त्याच्यावर शेगडीला बसवा," असं म्हणून ती चपला घालून निघाली.

ते गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुषाचा व्हिडिओ कॉल आला. मागं पांढऱ्या फरश्या होत्या. कमोडच्या झाकणावर ईश्वरप्पा मांडीत पातेलं धरून बसले होते. वीरेश छताखाली टॉवेल फिरवत धूर हाकलत होता.

"रत्नम्मा, पिठल्याच्या गाठी मोडंनात हो. काय करू?"

"समुद्र दाखवा की जरा," रत्नम्मा म्हणाली.

मंजुषा ओशाळली. "पडदे ओढून घेतलेत. बाहेरून कुणाला काही दिसायला नको."

आपल्याला हसू येईल असं रत्नम्माला वाटलं होतं. पण पिठात अळी दिसल्यावर यावी तशी नुसती शिसारी आली. चौघांत बसून समुद्राच्या गोष्टी सांगणार ही माणसं, आणि यांच्यासाठी आपण बूट घेतले.

"आता न्हाई मोडत गाठी. तसंच खा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंडळी परतल्यावर आठ दिवसांनी मिलचा मुनीम रत्नम्माच्या दारात आला. सोमवारी घरी पूजा होती, चाळीस पानं होती, अप्पांनी बोलावलं होतं. रत्नम्मा ओट्यावर उन्हात पाय पसरून बसली होती. पुढचं लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि तोवर तिला काडीचं काम नव्हतं.

"मोकळी न्हाई म्हणून सांगा," ती म्हणाली.

मुनीमानं तिच्याकडं आणि रिकाम्या ओट्याकडं पाहिलं. "बसलाव की इथंच."

"हाव," रत्नम्मा म्हणाली, "बसलेच हाय."