खरं कार्ड आणि साहेबांची पापलेटं

तारापूरच्या एका केमिकल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. कुठला माल कधी घातला, तापमान किती होतं, याच्या नोंदी तिथला प्रोग्राम सारखा आमच्या पालघरच्या सर्व्हरला पाठवत असतो. हे पाठवायचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची एक तयार लायब्ररी करते, आणि त्या लायब्ररीतच भोक सापडलं. समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, खरं आहे का, एवढंच ती बघायची. त्यावर नाव आमच्या सर्व्हरचं आहे का, हे बघतच नव्हती. म्हणजे स्वतःचं खरं सर्टिफिकेट घेऊन कुणी मध्येच येऊन बसला, तर कारखान्याची माल बनवायची सगळी कृती त्याच्या हातात.

उपाय सोपा होता. लायब्ररीची नवी आवृत्ती टाकायची आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. पण 'बंद' म्हटलं की प्लांट मॅनेजर साहेबांच्या कपाळाला आठ्या. "सर्टिफिकेट खरं आहे ना मॅडम? मग झालं तर," म्हणून ते मला वाटेला लावायचे. मी वैतागले होते आणि घाबरलेही होते, कारण काही झालं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

आमचं घर नवापूरचं, होडी घरचीच. दर बुधवारी साहेबांची मासळी आई माझ्याबरोबर पाठवते. कारखान्यात मासळी नेता येत नाही, म्हणून पिशवी गेटच्या केबिनमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी वॉचमनला कार्ड दाखवून न्यायची. शेजारच्या कारखान्याचं गेटही तेच, त्यांच्या पिशव्याही तिथेच. त्या बुधवारी साहेबांचा नवा जावई पहिल्यांदाच जेवायला यायचा होता. "जावयाला बारकी नाय चालायची," म्हणत आईने निवडून मोठी पापलेटं भरली आणि पिशवीचं तोंड जुन्या जाळ्याच्या दोरीने बांधलं. वर मार्करने साहेबांचं नाव मी लिहिलं.

संध्याकाळी साहेब आणि मी गेटवर येऊन बघतो तर पिशवी नाही. शेजारच्या कारखान्यातला कुणी आपली मासळी न्यायला आला आणि साहेबांची घेऊन गेला. वॉचमन रडकुंडीला आला होता. "साब, कार्ड देखा था. फोटो मिलाया, तारीख भी देखी. कार्ड असली था."

"अरे, लेकिन नाम किसका था उसपे?" साहेब कडाडले.

मला राहवलं नाही. "साहेब, इतके दिवस मी हेच सांगतेय."

साहेबांनी आधी रागाने बघितलं, मग तेच हसायला लागले. मागे राहिलेली त्या माणसाची बोंबलांची पिशवी उचलून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोग्राम बंद करू दिला. नवी आवृत्ती टाकून मी मुद्दाम दुसऱ्याच नावाचं खरं सर्टिफिकेट पुढे केलं. प्रोग्रामने ते घेतलं नाही. मला इतका आनंद झाला की तिथेच नाचावंसं वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कोनाच्या तरी पोटात गेली ना? वाया तर नाय गेली."

पुढच्या बुधवारी साहेब गेटवर आले. रोज त्यांना सलाम ठोकणाऱ्या वॉचमनने पिशवी मागे ओढली.

"साब, पहले कार्ड. नाम मिलाना है."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खिशातून कार्ड काढलं.