साडूभाऊ आणि जमिनीवरचं कापड

माणसांना चेहरेही असतात, ही गोष्ट माझे साडू केवळ ऐकून जाणतात. त्यांची नजर जन्मभर जमिनीवर. पुण्यात मुलगी बघायला आले तेव्हा कांदेपोहे संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती लाजाळू आहे मुलगा." लाजाळू कसला, तो लाद्यांचे सांधे तपासत होता. पुढे नोकरीसाठी आमच्यासारखेच इकडे परदेशात, वॉटरफोर्डला आले, अठराव्या शतकातल्या एका घराचा तळमजला भाड्याने मिळाला आणि मग विचारूच नका. त्या काळी बड्या घरातही गालिचा भिंतीपर्यंत नेत नसत, कडेच्या फळ्या उघड्या ठेवत, फळ्या पाण्याने न पुसता कोरड्या वाळूने घासत, हे सगळं त्यांच्याकडे जेवताना आमटीबरोबर वाढलं जाई. एकदा माझ्या लेकीच्या हातून ग्लास सांडला, तर स्वारी अंगातला शर्ट काढून फळ्या टिपायला बसली. "आर यू ओके, काका?" तिने घाबरून विचारलं. "फळ्या ओके आहेत," काका म्हणाले.

ज्यांना संगमरवर परवडत नसे ते लोक तेव्हा जाड कॅनव्हासवर तेलरंगाचे थर चढवून काळे-पांढरे चौकोन रंगवत आणि ते कापड जमिनीवर अंथरत. साडूंनी ते घरी करायला घेतलं. एक थर, पंधरवडा वाळवण, घासणं, पुन्हा थर. आठ महिने बैठकीच्या खोलीत कुणाला पाऊल टाकता आलं नाही. "याची गुंडाळी करायची, घडी कध्धी नाही," हे त्यांनी पोस्टमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात मालकीणबाईंनी घर विकायला काढलं. जो जपेल त्यालाच देणार, म्हणाल्या. आणखी एक कुटुंब रांगेत होतंच. शनिवारी चारला येऊन, साडूंनी काय केलंय ते बघून त्या निर्णय देणार होत्या. साडूंचा जीव त्या घरात इतका अडकला होता की आठवडाभर त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

शनिवारी आम्ही साडेतीनला पोचलो. साडू चहाबरोबर द्यायला केक आणायला गेले होते. सकाळी फळ्या घासताना त्यांनी कापड गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं होतं. ते आता तिथे नव्हतं. चार दिवसांपूर्वीच सांगलीहून आलेल्या त्यांच्या आईंनी त्याची सतरंजीसारखी चौपदरी घडी घातली होती, वरून हात फिरवून ती चापून बसवली होती आणि इथे ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटात दोन रजयांखाली ठेवली होती. "पाहुणे यायचेत, म्हटलं पसारा आवरावा," त्या मला म्हणाल्या.

साडू परतले, त्यांनी घडी उलगडली. मधोमध आडव्या-उभ्या दोन भेगा, आणि रंगाचे पोपडे फळ्यांवर. चारला पाच मिनिटं होती. आई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "काही चुकलं का रे माझं?"

बूट घालून आल्याबद्दल मला अर्धा तास फैलावर घेणारा हा माणूस. मी डोळेच मिटले.

"नाही गं आई," साडू म्हणाले, "त्या काळी घडीच घालायचे."

बेल वाजली. मालकीणबाई आल्या, वाकल्या, भेगेवरून बोट फिरवलं. "घडी कुणी घातली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आईंना भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्या मुलाकडे बघू लागल्या.

"मीच," साडू म्हणाले.

"ग्रँड," बाई म्हणाल्या, ज्याचा इथे अर्थ नुसता 'बरं', आणि अर्धा कप चहा ठेवून निघून गेल्या. सोमवारी घर दुसऱ्यांना दिल्याचं कळलं. इतकी वर्षं मी या गृहस्थांची थट्टा केली. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

आता ते सँट्री नावाच्या उपनगरात चौथ्या मजल्यावर राहतात. खाली नकली लाकडाचं लॅमिनेट आहे, त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. गेल्या रविवारी मी तिथे असताना सांगलीहून फोन आला. "त्या बाईंनी घर का रे नाही दिलं तुला?" आईंनी पुन्हा विचारलं.

"आधीच शब्द दिला होता गं त्यांनी दुसऱ्यांना."

"असू दे. ते कापड तरी नीट घडी घालून ठेवलंयस ना?"

साडू त्या भेगाळलेल्या कापडावरच अनवाणी उभे होते. "हो आई," ते म्हणाले, "तू घातली होतीस तश्शीच."