चारही एका मायचे

मारोतभाऊ भनारे माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याच्या गाडीची चाकं मोजायचे. आलापल्लीच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि हवेची टाकी. गाडी थांबली की ते उठायचे आणि मनगटाला गुंडाळलेला दोरा सोडायचे. दोऱ्याचं एक टोक टायरच्या पुढ्यात जमिनीला टेकवायचे, दोरा टायरवरून फिरवून मागे जमिनीपर्यंत आणायचे आणि त्यावरच्या गाठी बोटांनी चाचपायचे. असं चारही चाकांचं. गाडीवाला तोवर ताटकळत उभा. मग कुठे मान वर करून म्हणायचे, "हं, बोला जी."

अकरा वर्षांपूर्वी मी तिथल्या आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू झालो. नाव मोठं, काम गोळ्या मोजण्याचं. पहिल्याच आठवड्यात आमची जीप घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पुढचं उजवं चाक बसलं होतं. त्यांनी चारही मोजली आणि जाहीर केलं, "मागचा डावा सावत्र हाय." मी वरोऱ्याचा, म्हणजे स्वतःला शहरातला समजणारा. मला वाटलं, गिऱ्हाईक नवीन दिसलं म्हणून टायर गळ्यात मारतोय. तसं मी बोलूनही दाखवलं. मारोतभाऊंनी पंक्चर काढलं, चाक बसवलं आणि म्हणाले, "जा." महिन्याभराने तो टायर उतरवला तेव्हा कळलं, की तो खरंच दुसऱ्या मापाचा होता. कुणीतरी कधीतरी वेळ मारून नेली होती. मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी आधी जीप मोजली. मग म्हणाले, "आता बसा, दवाईभाऊ. चाय घेता?" तेव्हापासून मी त्यांचा दवाईभाऊ.

ते ढिवराच्या घरचे. "बाप जाळं विने, मी टायर शिवतो," असं सांगायचे. मनगटावरचा दोरा जाळ्याचाच होता, बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारलेला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ट्रकच्या चाकात टायर धरून ठेवायला एक लोखंडी कडं असतं. ते नीट बसलं नाही आणि हवा भरली, तर सुटून येतं. तरुणपणी असंच एक सुटलं होतं. त्यानंतर चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय त्यांनी कधी हवा भरली नाही, आणि भरताना कुणाला समोर उभं राहू दिलं नाही. "हवेले डोये नसते जी," म्हणायचे. "तिले भायेर जायले रस्ता पायजे. समोर तुमचं डोस्कं हाय का भित हाय, तिले काय करायचं?"

पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते 'मिल्ट्री'मुळे. मिल्ट्री म्हणजे लष्कराने भंगारात काढलेला एक टनी जुना ट्रक. कुण्या लाकूड ठेकेदाराने तो लिलावात घेऊन जंगलात आणला होता. लाकडाचं काम आटलं तसा तो संगमवार शेठकडे आला. शेठकडे नाल्यापलीकडच्या गावांत रेशनचं धान्य पोचवायचं काम होतं. पावसाळ्यात त्या नाल्यातून ट्रॅक्टरही जायचा नाही. मिल्ट्री जायची. चारही चाकं इंजिनाच्या जोरावर ओढायची आणि पाणी दिव्यांपर्यंत आलं तरी ती पलीकडच्या दरडीवर चढायची. जाताना तांदूळ आणि पोत्यांवर बसलेला मी, मांडीवर लसींचा डबा घेऊन. येताना पेशंट. आमची पांढरी रुग्णवाहिका त्या काळात नाल्याच्या अलीकडे उभी राहून नुसता दिवा फिरवायची.

साध्या गाडीत एखादा टायर लहानमोठा असला तर गाडी फार तर ओढ खाते. मिल्ट्रीत चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली. एकाचं माप वेगळं असलं की ती आपसात भांडतात आणि पोटातला गिअर फोडून ठेवतात. "हिले चारही एका मायचे पायजे," मारोतभाऊ म्हणायचे. ट्रक शेठचा असला तरी टायर त्यांचे होते, निदान ते तसंच वागायचे.

एका जून महिन्यात सागाच्या खुंटावर मिल्ट्रीचा पुढचा टायर फाटला. उरलेले तीन झिजलेले, म्हणजे नवीन एक मिळूनही उपयोग नव्हता. आणि त्या मापाचा, त्या नक्षीचा टायर बाजारातून कधीच गेला होता. शेठ म्हणाला, "राहू द्या, पुढच्या साली पाहू."

मारोतभाऊंची मुलगी सुनंदा नाल्यापलीकडे कोसमगुड्याला दिलेली. त्या भाद्रपदात तिला कळा सुरू झाल्या. खाटेवर घालून तिला नाल्यापर्यंत आणलं. आम्ही अलीकडे, ती पलीकडे, मधे लाल पाणी. मिल्ट्री तीन टायरांवर आणि एका दगडावर शेठच्या अंगणात उभी. दुपार गेली, पाणी उतरलं नाही. पलीकडे बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. मूल झालं, ते आम्हाला हातवाऱ्यांवरून कळलं. ते जगलं नाही, हेही हातवाऱ्यांवरूनच कळलं. मारोतभाऊ माझ्या शेजारी उभे होते. मनगटावरचा दोरा ते सोडत होते आणि गुंडाळत होते.

आठ दिवसांनी त्यांनी दुकान बंद केलं आणि एसटी धरली. पुढची दोन वर्षं ते टायर शोधत होते. सुट्टीच्या दिवशी कधी कधी मीही बरोबर असायचो. बल्लारपूरच्या एका जुन्या लाकूड आगारात दोन सापडले, ओंडके वाहायच्या मोडक्या ट्रॉलीखाली. मूल गावाकडच्या एका राईस मिलच्या फाटकाला एक बांधलेला होता, ट्रक घासू नये म्हणून. चौथा राजुऱ्याला, बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे. त्यात माती भरून गॅरेजवाल्याच्या बाईने तुळस लावली होती. मारोतभाऊंनी आधी तुळशीला हात जोडले, मग टायरभोवती दोरा फिरवला.

बाई बाहेर आल्या. "काय मोजून राह्यले जी माह्या तुळशीले?"

"तुळशीले नाई, बाई. तिच्या घराले."

बाईंनी सरळ नाही म्हटलं. मारोतभाऊ वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी विटा आणि सिमेंट घेऊन गेले, दोन दिवस खपून वृंदावन बांधलं, तुळस मातीसकट त्यात उचलून ठेवली आणि टायर घेऊन आले. बाईंनी वर जेवूही घातलं.

ट्यूबची तऱ्हा आणखी वेगळी. सिरोंच्याकडे प्राणहितेत लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतात. काठावरून मारोतभाऊंना एका ट्यूबची जाडी ओळखीची वाटली. त्यांनी धोतर खोचलं आणि कमरेइतक्या पाण्यात गेले. ट्यूबवर बसलेला माणूस घाबरला.

"भाऊ, जरा उठता का? नंबर पाहाचा हाय."

"उठून कुठी जाऊ? खाली नदी हाय!"

शेवटी त्याला डंपरची मोठी ट्यूब आणून दिली. सूरजागडच्या खाणीच्या रस्त्यावर डंपर वाढल्यापासून त्या ट्यूबांचा तोटा नव्हता. नवीन ट्यूबवर बसून तो माणूस म्हणाला, "आता बायकोलेबी संगं नेतो." त्या दोन वर्षांत मारोतभाऊ मोकळेपणाने हसले ते तेव्हाच.

चार टायर जमले, पण गाठी जुळेनात. राजुऱ्याचा आणि मूलचा अर्ध्या बोटाने मोठे. मारोतभाऊंनी लाकूड घासायची कानस घेतली आणि पंधरा दिवस ते टायर घासले. घासायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे. केस, भुवया, मिशा सगळं काळ्या भुशाने भरलेलं. शेवटी एका सकाळी दोरा चारही टायरांवरून फिरला आणि एकाच गाठीवर थांबला. त्यांनी मला आरोग्य केंद्रातून बोलावून नेलं आणि स्वतःच्या हाताने मोजायला लावलं. "झाले एका मायचे," म्हणाले. साखळी लावून हवा भरली. मिल्ट्री दगडावरून खाली उतरली.

त्या पावसाळ्यात तिने नाला किती वेळा ओलांडला, ते मी लिहून ठेवलं नाही. लिहायला हवं होतं. त्यातल्याच एका खेपेत सुनंदा आली आणि तिला आमच्या केंद्रात मुलगी झाली. मारोतभाऊंनी नातीला डोक्यापासून टाचेपर्यंत दोऱ्याने मोजलं आणि तिच्या मापाची एक गाठ मारली. त्या दोऱ्यावर टायरची नसलेली गाठ ती एकच.

इथे मी येतो. मला या माणसाचं कौतुक वाटत होतं, आणि ते चारचौघांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी मिल्ट्रीचे फोटो काढले, टायरांचे जवळून काढले, तुळशीची गोष्ट लिहिली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका गटात मोबाइलवरून टाकली. वाहवा भरपूर मिळाली. मी ती रोज उघडून वाचायचो.

हिवाळ्यात शहरातून एक गृहस्थ आले. बोलायला गोड, हातात माझेच फोटो. मिल्ट्रीपुढे ते चक्क गुडघे टेकून बसले आणि टायरांवरून हात फिरवत राहिले. "ट्रक खूप मिळतात हो," ते म्हणाले, "पण एका जातीचे चार टायर असलेला नाही मिळत." शेठने आठवड्यात सौदा केला. मी विचारायला गेलो, तर म्हणाला, "पूल होऊन राह्यला ना आता." नाल्यावर पुलाची पाटी लागून सहा वर्षं झाली होती. पाटीचा एक खांब पुरात वाहूनही गेला होता.

मिल्ट्री न्यायला लांबलचक ट्रेलर आला. चढवण्याआधी हवा तपासायला मारोतभाऊंनाच बोलावलं. त्यांनी चारही चाकं मोजली, हवा सारखी केली आणि त्या गृहस्थांना विचारलं, "पावसात कुठी चालवाल जी हिले?"

"छे छे काका, पावसात कशाला? हॉलमध्ये राहील. वर्षातून एकदा रॅलीला काढायची, तीही ट्रेलरवरून न्यायची. टायर झिजायला नकोत ना!"

मारोतभाऊ बाजूला झाले. ट्रेलर धूळ उडवत गेला आणि मिल्ट्री त्याच्यावर बसून गेली. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "फोटो तुमीच काढले होते ना, दवाईभाऊ?"

"हो."

"चांगले काढले," ते म्हणाले आणि दुकानाकडे वळले.

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मला त्यांचा राग आला, शेठचा आला, त्या गोडबोल्या माणसाचा आला. स्वतःचा यायला बराच वेळ लागला. त्यानंतर मारोतभाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, चहा पाजायचे. फक्त गाडी थांबली की आता ते सरळ माणसाकडे बघून विचारायचे, "काय पायजे?" दोरा मनगटावर तसाच असायचा.

गेल्या श्रावणात ते नातीला भेटायला कोसमगुड्याला गेले आणि तिथेच तापाने पडले. तिसऱ्या दिवशी जावई टेकडीवर चढला, तेव्हा कुठे त्याचा फोन लागला. "मामा वळखून नाई राह्यले कोनाले." डोक्यात गेलेला हिवताप, हे मला फोनवरच कळलं. मी सुया, सलाईन घेऊन डॉक्टरांबरोबर नाल्यावर गेलो. नाला भरून वाहत होता. तीच जागा, तेच लाल पाणी, अलीकडे तोच दिवा फिरवणारी रुग्णवाहिका.

जावयाकडे मासेमारीच्या दोन ट्यूब होत्या. त्यांनी त्यांवर खाट बांधली आणि चौघे पोहत निघाले. एक ट्यूब मोठी होती, एक लहान. खाट सारखी एका अंगाला कलत होती आणि कलेल त्या बाजूने मारोतभाऊ पाण्यात जात होते. मधल्या धारेत तर त्यांचं तोंडही दिसेना. काठाला लागले तेव्हा श्वास होता. मी खाटेपाशी बसून शीर शोधू लागलो. त्यांचा तीन बोटांचा हात खाटेखालच्या ट्यूबवर पडला होता. तो जरा हलला, रबर चाचपून पाहिलं.

"सावत्र हाय," ते म्हणाले.

रुग्णवाहिका केंद्राच्या फाटकात शिरण्याआधीच ते गेले. सलाईन लावताना मनगटावरचा दोरा मी कापला होता. तो सुनंदाला दिला, नातीची गाठ कुठली ते दाखवून.

चार दिवसांनी स्वातंत्र्यदिन होता. झेंडावंदन करून मी गोळ्यांच्या खिडकीत बसलो, तेवढ्यात मोबाइलवर त्या शहरातल्या गृहस्थांचा निरोप आला. शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली होती. फोटोत मिल्ट्री नव्या हिरव्या रंगात, गळ्यात झेंडूची माळ, टायरांना काळं पॉलिश. शेजारी ते गृहस्थ हातात चषक घेऊन उभे. खाली लिहिलं होतं, "पहिला नंबर! परीक्षकांनी टायरांचं खास कौतुक केलं. तुमच्या काकांना नक्की सांगा."

खिडकीबाहेर रांग होती. मी लिहिलं, "सांगतो."