गंध लावलेली वायर

थोरले बंधू निवर्तल्यावर वहिनींनी त्यांच्या वस्तूंपैकी एकच मागून घेतली. सायंकाळचे स्तोत्रपठण ते ज्यात ध्वनिमुद्रित करीत, तो मुठीत मावणारा रेकॉर्डर. त्याचा स्पीकर मुका झाला होता. पडद्यावर यादी दिसे, स्वर उमटत नसे. वायरीने संगणकाला जोडल्यास आतले पठण बाहेर काढता येते असे कळले, म्हणून घरातल्या तीन वायरी मी आळीपाळीने लावून पाहिल्या. तिन्ही नीट बसल्या, काम एकीनेही केले नाही. वहिनी रोज विचारीत, "भावजी, निघाला का आवाज?" मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेई. पुढे तो पडदाही मधूनमधून विझू लागला. यंत्र पुरते बंद पडले असते, तर तो स्वर आम्हांला कायमचा अंतरला असता.

शेवटी आम्ही दोघे लिंबागणेशहून चौसाळ्याला गेलो. तेथे हमरस्त्यालगत मेंढपाळ घरातल्या एक बाई मोबाइलदुरुस्तीचे दुकान चालवतात. वहिनींना स्टूल देऊन त्यांनी काडेपेटीएवढी एक पट्टी काढली. वायरीची दोन्ही टोके तिला लावली की चार दिवे लागायला हवेत. दोन विजेच्या तारांचे, दोन माहितीच्या तारांचे. काळ्या वायरीचे दोनच लागले. पांढरीचेही दोनच.

"ह्या नुसत्या चार्जिंगच्या हायत, गुरुजी. माहितीच्या तारा आत घातल्याच न्हाईत."

बाहेरून त्यांत काडीचा फरक नव्हता. जे त्यांना मुळात दिलेच नव्हते, ते मी इतके दिवस त्यांच्याकडे मागत होतो, आणि मिळेना म्हणून मनातल्या मनात रागावतही होतो. मला ओशाळल्यासारखे झाले.

तिसरी करडी वायर रेकॉर्डरबरोबरच आलेली. तिचे तीन दिवे लागले, चौथा लागेना. बाईंनी भिंग धरले. "आत हे पिवळं काय वाळलंय?"

मला तत्काळ उमगले. खंडेनवमीला आमच्या घरी सर्व उपकरणांची पूजा होते. गतवर्षी, बंधू हयात असताना, त्यांचा रेकॉर्डर वायरीसह पाटावर मांडला होता. देवाला गंध कपाळी लावावे. वायरीला कपाळ कोठले? मुख तेवढे होते. मी केशरमिश्रित चंदनाचे बोट श्रद्धेने तेथेच टेकवले, आणि वर पळीभर पाणी.

"गंध आहे ते," मी म्हणालो. "माझ्याच हातचे."

"अगं माय! सणाला लोक मोबाइलवर हळदकुंकू वाहतेत, ते मी पुसून देते. थेट तोंडात कामून भरवलं, गुरुजी?"

"आमचे भावजी लई भाविक," वहिनी म्हणाल्या. "नैवेद्य भरवला नाही, हेच नशीब."

बाई हसल्या, पण हात जपूनच चालवत होत्या. अशा जुन्या तोंडाची, चारही तारा असलेली दुसरी वायर दुकानात नव्हती आणि आतली पाती केसासारखी बारीक. ब्रशाचे टोक स्पिरिटमध्ये बुडवून त्या कण कण काढीत राहिल्या. दोनदा पट्टीला लावून पाहिले, दोन्ही वेळा तीनच दिवे. वहिनी स्टुलावरून पुढे झुकल्या. तिसऱ्या वेळी चौथा दिवा लुकलुकला आणि स्थिरावला.

रेकॉर्डर संगणकाला जोडला. फाइली एकामागून एक उतरल्या. बाईंनी त्यांतली एक लावली.

बंधूंचाच स्वर, तोच संथ ठेका, प्रत्येक चरणापूर्वीचा तोच पुरता श्वास. मी नकळत हात जोडले. तिसऱ्या श्लोकाच्या मध्यावर स्वर अडखळला. "शुक्! मांजर शिरले वाटते," असे पुटपुटून त्यांनी तो श्लोक पुन्हा पहिल्यापासून घेतला.

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना.

"मांजर कुठलं, मी होते ती! पाय न वाजवता चहा ठेवायला गेलते," त्या म्हणाल्या, आणि बाईंकडे वळल्या. "माय, तेवढं मांजराचं परत लावता का?"