उंदरांसाठी तूस
गिरणीतून नुकत्याच निघालेल्या तुसाचा वास आला की मला आत्या आठवते. मी तेव्हा खालापूरजवळच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचे. जनुकं बदलून जन्माला घातलेल्या त्या उंदरांना कॅन्सर व्हायचाच. तो कसा वाढतो, ते आम्ही बघायचो. कॅन्सर आत्यालाही होता. उंदरांना तिचाच आजार असतो आणि त्यांच्याखाली भाताचं तूस अंथरतात, एवढं मी तिला कधीतरी सांगितलं होतं. एका दुपारी ती नव्या भाताच्या तुसाचं पोतं घेऊन टेंपोतून थेट आमच्या गेटवर उतरली. “आंथर त्यांच्याखाली. माजंच दुखणं हाय ना गं त्यांना?” आमचं तूस वाफवून, बंद पिशव्यांतून यायचं; बाहेरचं आत चालत नसे. तरी मी पोतं घेतलं. ते अजून कोमट होतं. “त्यातला एखादा बरा झाला का गं?” तिनं हळूच विचारलं. गाठ वाढली की आम्ही उंदीर मारून ती तपासायचो. “ते बरे व्हायला नसतात, आत्या,” मी म्हणाले. केस गेलेल्या डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, “मंग उबंत तरी ठेव त्यांना.” पोतं वॉचमनच्या खोलीमागेच राहिलं. आत्या गेली, त्याला आता वर्षं झाली. अजूनही गिरणीपाशी थांबले की मी तुसात हात घालते, आणि ते गरम लागलं की लगेच काढून घेते.